चालण्यातून तयार होणारी वीज कापडात साठेल का?

मागील अंकात, अंगाच्या हालचालीतून वीज तयार करून ती साठवून ठेवणाऱ्या कापडांविषयी एक लहानसे टिपण आम्ही छापले होते. त्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. टिपणात जागेअभावी जे राहून गेले, नेमके तेच बहुतेकांनी विचारले आहे. त्यांतील पाच प्रश्नांना येथे सविस्तर उत्तरे देत आहे.

मी सैन्यातून निवृत्त झालो असून रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालत जातो. असे कापड अंगावर असेल, तर वर पोहोचेपर्यंत माझा मोबाइल चार्ज होईल का? नोकरीत असताना बॅटऱ्यांचे ओझे पाठीवर वाहिले आहे, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. (सातारा)

मोबाइल चार्ज होणार नाही, आणि केवळ अंगावरच्या कापडाच्या जोरावर तो नजीकच्या काळात होईल असेही मला वाटत नाही. मात्र याचा अर्थ आपल्या शरीरात तेवढी शक्ती नाही, असा नव्हे. ६० किलो वजनाचा माणूस ३०० मीटर उंची चढून गेला, तर नुसते स्वतःचे वजन वर नेण्यातच त्याने सुमारे ४९ वॉट-तास इतके काम केलेले असते. ५००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या मोबाइलच्या बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. म्हणजे एका चढणीच्या कामात हिशेबाने असा मोबाइल अडीच वेळा चार्ज व्हावा! पण ते सगळे काम शरीर उंच नेण्यात खर्ची पडते. कापडाच्या वाट्याला येते ते काखेतले घासणे, कोपराची घडी, गुडघ्यावरचा ताण आणि श्वासाबरोबर छातीचे फुगणे, एवढेच.

शिवाय हालचालीतून ओढून घेतलेली ऊर्जा फुकट नसते. सायकलच्या चाकाला डायनॅमो टेकवला की पेडल जड होते. तसेच जे साधन शरीराकडून जास्त वीज घेईल, ते शरीराला ओझे म्हणून जाणवेल. कापड अंगावर जाणवू नये, अशी आपली अपेक्षा असते आणि म्हणूनच त्याच्याकडून मिळणारी वीजही थोडी असते.

या थोड्याचे माप सांगतो. १९९६ साली अंगावर घालायच्या संगणकांचे संशोधक थॅड स्टार्नर यांनी असा हिशेब मांडला होता की, ६८ किलो वजनाचा माणूस भरभर चालत असताना टाचेच्या खाली येण्यात ६७ वॉटइतकी शक्ती गुंतलेली असते. आकडा मोठा होता आणि त्यामुळे अनेकांच्या आशा पालवल्या. दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये तळव्याखाली दाबाने वीज देणारे थर बसवलेले बूट तयार झाले. त्यांतून चालताना सरासरी काही मिलिवॉट इतकीच वीज मिळाली. पायाला न जाणवता तळव्याच्या वाकण्यातून जे घेता येते, ते एवढेच. तरीही ती वाया गेली नाही: काही पावले टाकली की बूट स्वतःच्या विजेवर एक छोटा रेडिओ-संदेश पाठवी. एक मिलिवॉट अखंड मिळाला असे धरले, तरी वर सांगितलेली मोबाइलची बॅटरी भरायला रात्रंदिवस चालून दोन वर्षांहून अधिक काळ लागेल.

आपण ओझ्याचा उल्लेख केला आहे, म्हणून कापडाची मर्यादा थोडी ओलांडून दोन प्रयोग सांगतो. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लॉरेन्स रोम यांच्या गटाने एक पाठपिशवी बनवली. तिच्यातले २० ते ३८ किलोंचे ओझे स्प्रिंगवर टांगलेले असे आणि चालताना त्याच्या वर-खाली होण्यातून ७.४ वॉटपर्यंत वीज मिळे. २००८ मध्ये मॅक्स डोनेलन यांच्या गटाने दोन्ही गुडघ्यांवर बांधायच्या पट्ट्यांतून सुमारे ५ वॉट मिळवले. त्यातली हुशारी अशी की, पाऊल पुढे टाकताना शेवटी मांडीमागचे स्नायू पायाला आवरतात, नेमक्या त्या क्षणी ते यंत्र वीज घेते. म्हणजे स्नायूंचे आवरण्याचे काम ते थोडे हलके करते. पाच वॉटमध्ये मोबाइल चार तासांत भरतो. पण प्रत्येक पट्टीचे वजन १.६ किलो होते. ओझे वाहणाऱ्या जवानासाठी पाठपिशवीची कल्पना मला अधिक सयुक्तिक वाटते, कारण ओझे त्याच्या पाठीवर आधीपासूनच असते.

घर्षणातून वीज आणि दाबातून वीज यांत नेमका फरक काय? आणि ती कापडात साठते कुठे? मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. (कराड)

डिसेंबरच्या कोरड्या रात्री अंधारात पॉलिएस्टरचे ब्लँकेट झटकून पाहा. चटचट आवाज येतो आणि बारीक निळसर ठिणग्या दिसतात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून सुटले की एकाकडून इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. नायलॉन, लोकर, रेशीम हे पदार्थ सहसा ते देतात. टेफ्लॉन आणि सिलिकोन घेतात. सुती कापड साधारण मध्यावर असते. अशा दोन पृष्ठभागांच्या मागे वाहक धाग्यांचे थर ठेवले, की पृष्ठभाग जवळ येताना आणि दूर जाताना त्या थरांमधून विजेचा प्रवाह एकदा इकडे आणि एकदा तिकडे वाहतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठातील झोंग लिन वांग यांच्या गटाने या तत्त्वावर चालणारे जनित्र मांडले आणि तेव्हापासून या विषयावरील संशोधनाचा मोठा ओघ त्याच दिशेने गेला आहे. त्याला ट्रायबोइलेक्ट्रिक नॅनोजनरेटर म्हणतात.

दाबातून वीज ही गोष्ट त्याहून जुनी आहे. १८८० मध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिले की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो. स्फटिकाचे कापड होत नाही. पण १९६९ मध्ये जपानच्या हेइजी कावाई यांना पीव्हीडीएफ या प्लास्टिकमध्ये तोच गुण आढळला, आणि प्लास्टिकचा मात्र धागा ओढता येतो. तो धागा ताणून त्यावर उच्च दाबाचे विद्युतक्षेत्र लावले, की त्यातले रेणू एका दिशेने रांगेत लागतात आणि मग धागा ताणला वा वाकवला की वीज मिळते. येथे दोन पृष्ठभागांची चिकटण्या-सुटण्याची गरज नसते.

तिसरा मार्ग २०१७ मध्ये पुढे आला. डॅलस येथील टेक्सास विद्यापीठ आणि दक्षिण कोरियातील हानयांग विद्यापीठ यांच्या संशोधकांनी कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) सुताला इतका पीळ दिला की ते स्वतःभोवती वेटोळे घेऊ लागले. असे सूत क्षारयुक्त द्रावात ठेवून ताणले की त्याची विद्युतभार धरून ठेवण्याची क्षमता घटते, व्होल्टेज वाढते आणि वीज मिळते. सेकंदाला तीस वेळा ताणल्यावर त्यातून किलोमागे २५० वॉटइतकी उच्चतम शक्ती मोजली गेली. हा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात: किलोभर सूत कोणी अंगावर घालत नाही, आणि सेकंदाला तीस वेळा आपले कोपर वाकत नाही. याच गटाने ते सूत सदऱ्यात शिवून श्वासाच्या लयीची नोंद घेऊन दाखवली. मला त्या मोठ्या आकड्यापेक्षा हा सदराच अधिक महत्त्वाचा वाटतो.

आता साठवणुकीकडे येऊ. घर्षणातून येणारी वीज उलटसुलट आणि धक्क्याधक्क्यांनी येते. व्होल्टेज शेकडोंत असू शकते, पण प्रवाह मायक्रोअँपिअरमध्ये असतो. म्हणून ती आधी डायोडच्या पुलातून एकाच दिशेला वळवावी लागते, तिचे व्होल्टेज उतरवावे लागते, आणि मगच ती कपॅसिटरमध्ये (विद्युतभार तात्पुरता साठवणाऱ्या भागात) किंवा बॅटरीत भरता येते. यासाठी धाग्याच्या आकाराचे सुपरकपॅसिटर, म्हणजे जास्त भार साठवणारे कपॅसिटर, तयार झाले आहेत: दोन कार्बनयुक्त धागे, त्यांच्यामध्ये जेलसारखा विद्युत-अपघटक आणि वरून आवरण. धाग्याच्या रूपातल्या लिथियम-आयन बॅटऱ्याही झाल्या आहेत. २०२१ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील गटाने मीटरच्या लांबीत त्या बनवून दाखवल्या, आणि त्याच वर्षी एमआयटीतून १४० मीटर लांबीच्या बॅटरी-धाग्याचे वृत्त आले.

आपण अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी आहात, म्हणून एक हिशेब करून पाहा. २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या गटाने सौरधागे आणि घर्षणधागे एकत्र विणलेले ०.३२ मिलिमीटर जाडीचे कापड प्रसिद्ध केले. त्याचा ४ बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा उन्हात हलवला असता २ मिलिफॅरडचा कपॅसिटर एका मिनिटात २ व्होल्टपर्यंत भरला. साठलेली ऊर्जा म्हणजे धारकता (कपॅसिटरची फॅरडमधील क्षमता) आणि व्होल्टेजचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी, अर्थात ४ मिलिज्यूल. मिनिटाने भागल्यास सुमारे ६७ मायक्रोवॉट, आणि तेही ऊन धरून. कमी शक्तीच्या ब्लूटूथला एक लहान संदेश पाठवायला दहा-वीसपासून काहीशेपर्यंत मायक्रोज्यूल लागतात. तेव्हा मिनिटभर साठवून चार-पाच संदेश सहज जातील. या कापडाचे काम असेच चालते: हळूहळू साठवायचे, क्षणात वापरायचे आणि पुन्हा साठवत राहायचे.

येथेच खरी अडचणही आहे आणि बातम्यांमध्ये ती क्वचित येते. सुपरकपॅसिटर आपोआप गळत असतो. कापडातून येणारी वीज त्या गळतीपेक्षा कमी असेल, तर दिवसभर चालूनही साठा भरत नाही. आपण प्रकल्पासाठी हा विषय घेणार असाल, तर अधिक वीज देणारा धागा शोधण्याऐवजी गळती मोजण्यापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन.

शेकडो व्होल्टचे कापड अंगावर घातल्याने शॉक बसणार नाही का? नातवंडांच्या कपड्यांत असे काही आले तर भीती वाटते. (सांगली)

शॉकची भीती बाळगू नये. व्होल्टेज मोठे असले तरी प्रवाह अगदी क्षीण असतो. हिवाळ्यात स्वेटर काढताना अंगावर येणारी ठिणगीही हजारो व्होल्टची असते आणि तिने चुटपुटता चटका बसण्यापलीकडे काही होत नाही. माझी काळजी वेगळी आहे. टेफ्लॉन आणि पीव्हीडीएफ ही दोन्ही फ्लोरिनयुक्त प्लास्टिके आहेत, आणि निसर्गात विघटन न होणाऱ्या अशा रसायनांच्या वापरावर युरोपात निर्बंध घालण्याचा विचार २०२३ पासून सुरू आहे. लहान मुलांच्या कपड्यांसाठी सिलिकोन, रेशीम किंवा पॉलिलॅक्टिक आम्लाचे (वनस्पतींपासून बनणाऱ्या प्लास्टिकचे) धागे यांवर आधारलेले पर्यायच पुढे यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. लिथियमचा धागा तर मुलांच्या अंगावर नकोच. मूल कपडा चावते, ओढते आणि फाडते.

आमच्याकडे चार महिने पाऊस आणि धुके असते. ओल्या कपड्यात ही वीज टिकेल का? आणि दगडावर आपटून धुतल्यावर काय होईल? (पाटण तालुका, शिक्षक)

घर्षणाची वीज दमट हवेत झपाट्याने घटते, कारण पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि भार त्यावरून निसटून जातो. कोयनेच्या खोऱ्यातील जुलैमध्ये आणि शेतात घाम गाळणाऱ्या माणसाच्या अंगावर असे उघडे कापड जवळजवळ निरुपयोगी ठरेल. संशोधक त्याला सिलिकोनच्या नळीत किंवा आवरणात बंद करतात. त्यामुळे ते टिकते. पण मग त्यातून हवा खेळत नाही.

दाबविजेच्या धाग्याचे वर्तन मात्र उलट आहे आणि ते आपल्या भागाच्या दृष्टीने आशादायक आहे. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठाने २०१८ मध्ये पीव्हीडीएफच्या धाग्यांचा, पिशवीचा एक पट्टा विणला. त्यातल्या प्रत्येक सुतात केसाइतके बारीक २४ तंतू होते आणि प्रत्येक तंतूच्या गाभ्यात वीज वाहून नेणारा पदार्थ होता. पिशवीत तीन किलो पुस्तके घालून चालल्यावर पट्ट्यातून सतत ४ मायक्रोवॉट मिळाले, आणि कापड ओले असताना तर त्याने अधिक चांगले काम केले. चार मायक्रोवॉट म्हणजे एखादा एलईडी मधूनमधून लुकलुकेल इतकेच. पण आपल्या विद्यार्थ्यांच्या दप्तरांचे पट्टे डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या प्रयोगाचे मोल कळेल.

दगडावर आपटून धुणे आजच्या कोणत्याही अशा कापडाला सोसणार नाही. धुण्याच्या चाचण्या आयएसओ ६३३० या मानकाप्रमाणे यंत्रात होतात. तेथेही चांदीचा मुलामा दिलेल्या धाग्यावरची चांदी झिजते आणि धाग्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढत जातो.

आमचे साधे यंत्रमाग आहेत आणि दोन रॅपियर माग (धोट्याऐवजी पकडीने आडवे सूत ओढणारे) आम्ही नव्याने घेतले आहेत. असे कापड आमच्या मागावर निघू शकेल का? की हे केवळ प्रयोगशाळेचे काम आहे? (विटा)

सर्व पत्रांमध्ये मला सर्वांत आवडलेला हा प्रश्न आहे, कारण या विषयाचे पुढचे पाऊल प्रयोगशाळेपेक्षा मागावर पडणार आहे, असे मी मनापासून मानतो. प्रयोगशाळेत हातभर तुकडा निघतो. शंभर मीटर एकसारखे कापड, पहिल्या मीटरपासून शेवटच्या मीटरपर्यंत तोच गुण राखून काढणे, हे ज्ञान विणणाऱ्यांकडेच आहे.

आपल्या धंद्यात स्थिर विद्युत हा शत्रू असतो. कृत्रिम सूत एकमेकांना चिकटते, तार तुटते, म्हणून खात्यात हवा दमट ठेवावी लागते. संशोधकांना हवा आहे तोच भार आपण इतकी वर्षे घालवत आलो आहोत! तो कोणत्या सुतात जास्त येतो, कोणत्या ऋतूत छळतो आणि कशाने शमतो, हे आपल्या कामगारांना तोंडपाठ असते. त्याची नोंद ठेवावी. ती संशोधकाच्या फार उपयोगी पडेल.

माग चालेल का, याचे उत्तर सुतावर अवलंबून आहे. चांदीचा मुलामा दिलेले नायलॉन किंवा पोलादी तंतू मिसळलेले सूत बाजारात मिळते. असे सूत ताण्यात (उभ्या सुतात) घालू नये. ताण्याचे सूत फणीत प्रत्येक वेळी घासले जाते, त्यावर सतत ताण असतो, आणि सायझिंगच्या वेळी त्यावर खळ चढते. मुलामा तेथेच खरवडून जातो आणि खळीने विजेचा संपर्कही बिघडतो. बाण्यात (आडव्या सुतात) तो त्रास पुष्कळ कमी. रॅपियरवर बाण्याचे रंग बदलता येतात, तशीच ठरावीक अंतराने वाहक सुताची एकेक तार टाकता येईल. साध्या मागावर धोट्यातल्या कांडीवर हे सूत भरताना त्याला तीव्र वळण मिळते. तेव्हा पहिला नमुना रॅपियरवरच काढावा.

विणीचा विचारही करावा लागेल. साध्या विणीत ताणा आणि बाणा प्रत्येक ठिकाणी एकमेकांना ओलांडतात. त्यामुळे सूत अधिक वाकते, आणि दाबविजेच्या धाग्याला ते वाकणे हवे असते. साटीनमध्ये सूत लांबवर मोकळे तरंगते. तेथे घासण्याला पृष्ठभाग जास्त मिळतो, पण सूत अडकून ओढले जाण्याची भीतीही वाढते. कोणती वीण कोणत्या हालचालीला, याचे उत्तर ज्याच्या हाताखाली माग आहे त्यालाच पटकन मिळेल.

सर्वांत अवघड जागा मात्र विणीत नाही, काठाला आहे. मऊ सुताची टोके जेथे तारेला किंवा छोट्या सर्किटला जोडली जातात, तेथेच कापड प्रथम निकामी होते. तो सांधा मऊ आणि कठीण यांच्या सीमेवर पुन्हा पुन्हा वाकतो. सोल्डरच्या उष्णतेने नायलॉन वितळते, म्हणून दाबबटणे, वाहक गोंद किंवा भरतकाम असे उपाय केले जातात. आपल्या किनारीच्या कामात काही युक्ती सुचली, तर ती किरकोळ समजू नये.

विक्रीच्या आशेने मात्र आत्ताच पैसा गुंतवू नये. मोबाइल चार्ज करणारा सदरा विकू असे कोणी सांगत आले, तर पहिल्या उत्तरातला हिशेब त्याच्यासमोर ठेवावा. खरे गिऱ्हाईक वेगळे आहे: शस्त्रक्रियेनंतर गुडघा किती वाकतो हे डॉक्टरांना कळवणारी पट्टी, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या श्वासाची लय टिपणारा अंगरखा, वृद्ध माणूस अडखळू लागला हे त्याच्या चालीतून ओळखणारा मोजा. अशा ठिकाणी कापडातून येणारी वीज हीच मोजणीची खूण असते, त्यामुळे मायक्रोवॉटमध्येही काम भागते.

आरंभ करायचा असल्यास दोन मीटरचा नमुना काढावा. बाण्यात दर दोन सेंटिमीटरला चांदीच्या सुताची एक तार टाकावी आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांवर साध्या मल्टिमीटरचे काटे ठेवून रोध लिहून घ्यावा. मग तो नमुना दहा वेळा घरच्या मशीनमध्ये धुवावा आणि प्रत्येक धुण्यानंतर त्याच तारांचा रोध पुन्हा लिहावा. कोणती तार कितव्या धुण्याला दगावली आणि ती काठाजवळ दगावली की मध्ये, एवढी वही घेऊन इचलकरंजीच्या डीकेटीई वस्त्रोद्योग संस्थेत किंवा सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात गेलात, तर बोलणे पहिल्या दिवशीच कामाच्या मुद्द्यावर येईल.